सिम, ॲलस्टेअर
सिम, ॲलस्टेअर : (९ ऑक्टोबर १९०० – १९ ऑगस्ट १९७६). ब्रिटिश रंगभूमी व चित्रपटसृष्टीतील विख्यात स्कॉटिश चरित्र अभिनेता व नाट्यदिग्दर्शक. जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे. त्याचे वडील शिवणकामाचा व्यवसाय करीत. आईची मातृभाषा गेलिक होती. एडिंबरो विद्यापीठात त्याने रसायनशास्त्राच्या अभ्यासास प्रारंभ केला. तथापि लष्करी प्रशिक्षणासाठी त्याला बोलावणे आल्याने तो खंडित झाला. त्यानंतर काही काळ त्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अंगमेहनतीची कामे करून काढला. १९२५ ते १९३० या काळात तो एडिंबरोच्या न्यू कॉलेजमध्ये शब्दोच्चारणाचा अधिव्याख्याता होता. तेथे त्याचे विद्यार्थी मुख्यत्वे भावी धर्मोपदेशक असत. सिमच्या अभिनयाचे मूळ या अध्यापनात शोधणे वावगे ठरणार नाही. व्यासपीठावरून बोलणाऱ्याचा धीरगंभीर स्वर, शब्दाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत राखलेली स्पष्टता आणि वाक्याच्या मध्येच घेतलेला अनपेक्षित विराम ही त्याची साधने पुढे विनोदी भूमिकांतही कायम राहिली.

नाटककार जॉन ड्रिंकवॉटर याच्या प्रोत्साहनाने तो व्यावसायिक रंगभूमीकडे वळला. पॉल रोबसन नायक असलेल्या *ऑथेल्लो*च्या लंडनमधील प्रयोगात (१९३०) त्याला दूताची किरकोळ भूमिका मिळाली. त्यावेळी त्याला तिसावे वर्ष चालू होते. पुढे ओल्ड व्हिक नाट्यगृहात त्याने शेक्सपिअरच्या नाटकांतून कामे केली. १९३२ मध्ये नाओमी प्लॅस्किट हिच्याशी त्याचा विवाह झाला. *द रिव्हरसाइड मर्डर* (१९३५) हा त्याचा पहिला चित्रपट. टक्कल, मोठे पाणीदार डोळे, ओघळलेले गाल आणि क्षणात केविलवाणे तर क्षणात कुटिल भासणारे हास्य, अशा चेहऱ्याला नायकाच्या भूमिका मिळणे अशक्य होते. आरंभीची काही वर्षे तो दुय्यम भूमिकांतच दिसतो.

रंगभूमीवरील त्याचे सर्वांत महत्त्वाचे कार्य म्हणजे स्कॉटिश नाटककार जेम्स ब्रायडी याच्याशी झालेले सहकार्य. ब्रायडीच्या मृत्यूपर्यंत (१९५१) ते टिकून होते. *मिस्टर बोल्फ्री* (१९४३) या नाटकात कंटाळलेली तरुण मंडळी स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या घरी सैतानाला आवाहन करतात आणि तो धर्मोपदेशकाच्याच वेषात अवतरतो. या नाटकाचे दिग्दर्शन सिमने केले आणि यजमान धर्मोपदेशकाची भूमिकाही वठविली. *डॉ. अँजेलस* (१९४७) व *मिस्टर गिली* (१९५०) ही याच सहकार्याची फळे होत.

चित्रपटांत *ग्रीन फॉर डेंजर*मधील (१९४६) इन्स्पेक्टर कॉक्रिलच्या भूमिकेने त्याला अग्रस्थान मिळवून दिले. युद्धकालीन रुग्णालयातील खुनांचा तपास करणारा हा अधिकारी स्वतःच्या बुद्धिमत्तेवर बेहद्द खूष असतो. मात्र उडत्या बाँबचा आवाज येताच तो घाबरून आडोसा शोधतो आणि अखेरीस त्याचा तपासही सपशेल यशस्वी होत नाही. हास्य निर्माण होते ते त्याच्या अढळ गांभीर्यातून. सिम प्रेक्षकांना हसण्याची सूचना कधीच देत नाही. *लाफ्टर इन पॅरडाइज*मध्ये (१९५१) वारसा मिळावा म्हणून अठ्ठावीस दिवसांचा तुरुंगवास मिळवू पाहणारा, पण गुन्हा करण्याचे धैर्य नसलेला लेखक त्याने रंगविला. *द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स*मध्ये (१९५४) तो मुख्याध्यापिका मिस फ्रिटन व तिचा लबाड भाऊ अशा दुहेरी भूमिकांत आहे. स्त्रीवेषातील पुरुषाचा नेहमीचा बटबटीत विनोद त्याने येथे टाळला. बेशिस्त शाळेची ही प्रमुख एक प्रतिष्ठित, किंचित थकलेली बाई वाटते, हे त्याचे यश होय.

चार्ल्स डिकिन्झच्या *अ ख्रिसमस कॅरल*वर आधारित *स्क्रूज* (१९५१) ही त्याची सर्वांत चिरस्थायी चित्रपटभूमिका. इतर नटांनी या कृपणाचा कठोरपणा ठळक केला. सिमने त्यामागील भीती दाखविली. त्यामुळे अखेरचा हृदयपालट केवळ कथानकाची सोय वाटत नाही. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील वारंवार प्रक्षेपणांमुळे हा चित्रपट नाताळाच्या परंपरेचाच भाग बनला. रिचर्ड विल्यम्सच्या ऑस्कर-विजेत्या सचेतपटातही (१९७१) स्क्रूजला सिमचाच आवाज होता. *ॲन इन्स्पेक्टर कॉल्स*मधील (१९५४) त्याची शांत, गूढ भूमिका विनोदापासून पूर्णतः अलिप्त आहे.

१९६० नंतर चित्रपटांतील त्याचा वावर कमी झाला. ओल्ड व्हिकमध्ये त्याने *द टेंपेस्ट*मधील प्रॉस्परो साकारला (१९६२), तर चिचेस्टर महोत्सवात *द मॅजिस्ट्रेट* (१९६९) व *डँडी डिक* (१९७३) या पिनेरोच्या प्रहसनांत कामे केली. *द रूलिंग क्लास* (१९७२) या चित्रपटातील बिशपची भूमिका लहान असूनही लक्षवेधी आहे.

प्रसिद्धीचे त्याला वावडे होते. मुलाखती देणे तो टाळी आणि स्वाक्षरी मागणाऱ्यांना नकार देई. एडिंबरो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याला रेक्टर या सन्मानपदावर निवडून दिले (१९४८–५१). १९५३ मध्ये त्याने सीबीई हा सन्मान स्वीकारला, पण पुढे ‘सर’ हा किताब नाकारला. युद्धकाळात जॉर्ज कोल या किशोरवयीन नटाला सिम दांपत्याने आपल्या घरी आश्रय दिला. कोल पुढे स्वतः नामवंत अभिनेता झाला व अनेक चित्रपटांत सिमसमवेत चमकला. *स्क्रूज*मधील तरुण स्क्रूज त्यानेच रंगविला आहे. लंडन येथे कर्करोगाने सिमचे निधन झाले.