पॉवर स्टिअरिंगची गळती : निदान आणि उपाय



वसंतातल्या व्याख्यानांत तत्त्वज्ञान, इतिहास आणि साहित्य हे विषय शोभून दिसतात. मोटारीखाली पडलेल्या तेलाच्या डागाचे येथे काय काम, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु या डागाचा संबंध आपल्या खिशाशी तर आहेच, शिवाय घाटातल्या वळणावर गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाशीही आहे. तेव्हा त्याचा विचार पद्धतशीरपणे केलेला बरा.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. पुढची चाके वळविण्यास लागणारा जोर तेलाच्या दाबाने पुरवावा, ही कल्पना फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनियराने 1926 साली मोटारीवर प्रत्यक्ष करून दाखविली. विक्रीच्या मोटारीत ती यायला मात्र 1951 साल उजाडले. क्रायस्लर कंपनीच्या ‘इंपीरियल’ गाडीत ती प्रथम आली. योजना साधी आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो टाकीतले तेल ओढून भक्कम नळीवाटे चाके वळविणाऱ्या रॅककडे धाडतो. स्टिअरिंग फिरविले की झडप उघडते, तेल दट्ट्याला हव्या त्या बाजूला रेटते, आणि काम झालेले तेल दुसऱ्या नळीने टाकीत परतते.

आता दाबाचा अंदाज घ्या. टायरात हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलो असतो. स्टिअरिंग पुरते वळविले असता तेलाचा दाब 80 किलोच्या घरात, कित्येक गाड्यांत त्याहूनही वर जातो. परतीच्या नळीत मात्र तो अगदीच थोडा असतो. हा भेद ध्यानात ठेवावा. निदान आणि उपाय दोन्ही त्यावरच अवलंबून आहेत.

अलीकडच्या बहुतेक लहान मोटारींत हे काम विजेची मोटर करते. तेथे तेलच नाही, म्हणून ही गळतीही नाही. आपल्या गाडीचे बॉनेट उघडून अशी तेलाची टाकी आहे की नाही, हे आधी पाहावे. टाकी असेल आणि तेल घटत असेल, तर गाडी तसे सांगते. वळताना पंप कण्हतो, स्टिअरिंग मधूनच जड होते, टाकीतल्या तेलावर फेस दिसतो.

पण जमिनीवरचा प्रत्येक डाग या तेलाचा नसतो. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा. एअरकंडिशनरचे नुसते पाणी असते. रेडिएटरचे पाणी हिरवे वा गुलाबी, पातळ असते. इंजिनाचे जुने तेल काळे असते. स्टिअरिंगचे तेल बहुधा तांबडे किंवा मधासारखे असते, जुने झाल्यावर तपकिरी होते. रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नये. टाकीतल्या तेलाशी ताडून पाहावे.

यानंतर खरी परीक्षा. तेल खाली ओघळते आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरते. म्हणून थेंब जेथे पडतो तेथे गळती असतेच असे नाही. सर्व भाग स्वच्छ धुऊन कोरडे करावेत, टाकी खुणेपर्यंत भरावी, इंजिन चालू करून एकाने स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवावे व दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात पाहावे. टोकाला नेऊन चार-पाच सेकंदांहून अधिक धरू नये, पंप तापतो. सर्वांत वरची ओली जागा हेच बहुधा गळतीचे मूळ. एक सक्त इशारा : गळती बोटाने चाचपू नये. दाबाखालची बारीक धार कातडीत शिरू शकते, आणि ती जखम दिसायला लहान असली तरी तातडीने इस्पितळात नेण्याजोगी असते.

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. परतीच्या नळीची क्लिप सैल असेल तर आवळावी. नळीच चिरली असेल तर तेल सोसणारी नळी घालावी, पाण्याची घालू नये, कारण तिचे रबर फुगून कुजते. दाबाच्या नळीला क्लिपा लावून भागत नाही. ती सबंध बदलावी, सांध्याचे वॉशरही नवे घालावेत. पंपाच्या दांड्यापाशी ओल असेल तर तेथले सील गेले. रॅकच्या टोकाचे रबरी बूट दाबून पाहावेत; आत तेल साचले असेल तर रॅकचे सील गेले असे समजावे. हे काम खर्चाचे, आणि रॅकच्या दांड्यावर गंज असेल तर नवे सीलही टिकत नाही. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

येथेच निदानाचे मोल कळते. दोषी क्लिप आणि बदलला सबंध रॅक, म्हणजे रोग रेड्याला नि औषध पखालीला! मिस्त्रीला ‘गळती कोठे आहे ती दाखवा’ असे म्हणण्यात त्याचा अपमान नाही. चांगला मिस्त्री ती आनंदाने दाखवितो. गळती थांबविणारी बाटलीतली औषधे सील फुगवून काही दिवस निभावून नेतात. फुटलेल्या नळीवर त्यांचा इलाज चालत नाही.

शेवटी, टाकीच्या झाकणावर वा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. ब्रेकचे तेल तर कदापि नको. मग हवा काढावी. पुढची चाके जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे व तेल भरत जावे. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा पाहावे.

तेल संपले म्हणून स्टिअरिंग तुटत नाही. चाकांशी त्याचा लोखंडी सांधा कायम असतो. परंतु ते एकाएकी दगडासारखे जड होते, आणि वळणावर तेवढे भांबावणे घातक ठरते. कोरडा पंप स्वतःही झिजून निकामी होतो. शिवाय आपल्या गाडीचे सांडलेले तेल पहिल्या पावसात मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला पाडते. तेव्हा पुठ्ठ्यावरचा तो एक थेंब वेळीच वाचणे, हे मोटार बाळगणाऱ्याचे नागरिक म्हणूनही कर्तव्य आहे.