मायक्रोआरएनए: पेशीचा लगाम सुटतो तेव्हा

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असे आपण नेहमी वाचतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. खरा प्रश्न असा की, निरोगी माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी नव्या पेशी तयार होत असताना ही वाढ आटोक्यात कशी राहते? तिला आवर कोण घालते? आवर घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए नावाचे अतिशय लहान रेणू. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे रेणू काय करतात ते समजण्यासाठी लग्नघराचे उदाहरण घेऊ. कोणता पदार्थ कसा आणि किती करायचा हे लिहिलेली मोठी वही कोठीच्या खोलीत कुलुपात असते. आचाऱ्याच्या हाती वही देत नाहीत. हवा तेवढा मजकूर चिठ्ठीवर उतरवून पाठवतात. पेशीच्या केंद्रकातील डीएनए ही ती वही, आणि चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए. चिठ्ठी पोहोचली की तिच्यातील सूचनेनुसार प्रथिन तयार होते. पण प्रत्येक चिठ्ठी आचाऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. लाडू पुरे झाले असे दिसताच एखादा जाणता माणूस पुढची चिठ्ठी वाटेतच काढून घेतो. पेशीतील असा जाणता माणूस म्हणजे मायक्रोआरएनए. त्याची लांबी जेमतेम २२ अक्षरांची. यातील काही अक्षरे चिठ्ठीच्या शेपटाकडील अक्षरांशी जुळली की तो तेथे चिकटतो. मग त्या चिठ्ठीवरून प्रथिन बनणे थांबते किंवा चिठ्ठीच नष्ट होते. माणसाच्या पेशींत हजाराहून अधिक प्रकारचे मायक्रोआरएनए आढळले आहेत, आणि त्यांपैकी एकेक अनेक निरनिराळ्या चिठ्ठ्या अडवू शकतो.

पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये सापडला तो मातीत राहणाऱ्या, एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीत. ही त्या कृमीपुरतीच गंमत असावी असे समजून फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००० मध्ये लेट-७ नावाचा दुसरा रेणू माणसासह अनेक प्राण्यांत तसाच आढळला, तेव्हा मात्र सगळे जागे झाले.

कर्करोगाशी संबंध जुळला तो एका जुन्या कोड्यातून. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा बहुधा उतारवयात होणारा रक्ताचा कर्करोग. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो कमी दिसतो. या रोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रोगट पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोगाला रोखणारे एखादे जनुक असणार, हा तर्क सरळ होता. अनेक वर्षे शोध चालला. तेथे जी जनुके सापडली त्यांपैकी एकही या रोगाचा नेमका गुन्हेगार ठरेना. मग २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले की, गळालेल्या जागेत प्रथिन बनवणारे जनुक नव्हे, तर मिर-१५ आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए आहेत. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत ते नाहीसे तरी झाले होते किंवा कमी तरी. संशोधक मोठे जनुक शोधत होते, म्हणून हे चिमुकले नजरेतून निसटले होते.

हे दोघे काय अडवत होते, तेही २००५ मध्ये कळले. बीसीएल-२ नावाचे प्रथिन पेशीला मरू देत नाही. मिर-१५ आणि मिर-१६ त्याच्या चिठ्ठ्या अडवतात. ते गेले की बीसीएल-२ वाढते आणि ज्या पेशींनी वेळेवर मरायचे त्या रक्तात साठत राहतात. या कर्करोगात पेशी भराभर वाढतात यापेक्षा त्या मरत नाहीत, हे दुखणे मोठे. याच बीसीएल-२ ला निकामी करणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून या रोगात वापरले जाते. ते मायक्रोआरएनएच्या संशोधनातून निघालेले नाही, पण घाव त्याच जागी घालते.

उलटा प्रकारही घडतो. काही मायक्रोआरएनए वाढीला रोखणाऱ्या प्रथिनांच्याच चिठ्ठ्या अडवतात. ते प्रमाणाबाहेर वाढले तर कर्करोगाला हातभार लागतो. मिर-२१ हा असा एक; अनेक अवयवांच्या कर्करोगांत तो वाढलेला आढळतो.

मग कमी पडलेला मायक्रोआरएनए बाहेरून का देऊ नये? तसा प्रयत्न झाला. मिर-३४ ची नक्कल असलेले औषध यकृताच्या व इतर कर्करोगांच्या रुग्णांना प्रायोगिक तत्त्वावर दिले गेले. रुग्णांच्या प्रतिकारशक्तीची इतकी तीव्र प्रतिक्रिया उमटली की काहींचे मृत्यू झाले, आणि २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. एकच रेणू शेकडो चिठ्ठ्या हाताळतो, हे त्याचे सामर्थ्य आहे आणि अडचणही.

मायक्रोआरएनए रक्तातही सापडतात. त्यावरून 'रक्ताच्या एका थेंबात कर्करोगाचे निदान' अशा बातम्या अधूनमधून येतात, आणि मग तुकडा तपासायचा टाळून रक्तावरच भागवावे असे रुग्णाला वाटू लागते. असे करू नये. नमुना घेताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी त्यांच्यातील मायक्रोआरएनए मिसळून आकडे बदलतात. शिवाय एका प्रयोगशाळेचे निष्कर्ष दुसरीत जुळतातच असे नाही. तुकड्याच्या तपासणीची जागा घेईल अशी ही चाचणी आज तरी नाही.

आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे तोंडाचा कर्करोग फार. 'तुकडा काढला की रोग पसरतो' ही भीती घरोघरी ऐकू येते, पण ती निराधार आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही किंवा तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. गरज वाटल्यास ते जागा बधिर करून लहानसा तुकडा काढतात, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो.