रोजचं विज्ञान : गोळीत औषध किती?

नांदेड असो की लातूर, आजीच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डायक्लोफेनॅकच्या पाकिटावर ‘५० मिलिग्रॅम’ असं छापलेलं असतं. म्हणजे तांदळाच्या जेमतेम दोन-तीन दाण्यांचं वजन! मग गोळी एवढी मोठी कशी?

वरणात हिंग चिमूटभरच असतो. पण तो पोटात जातो डाळीसोबत. गोळीचंही तसंच. सांध्यात सूज आणि वेदना वाढवणारी रसायनं शरीरच बनवतं. डायक्लोफेनॅक ते काम अडवतं. बाकीचे घटक दुखणं थांबवत नाहीत, पण त्यांच्याशिवाय गोळी होत नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आकारमान वाढवते. लाकडाच्या लगद्यातून किंवा नांदेडच्या काळ्या रानात पिकतो तशा कापसातून मिळणारं सेल्युलोज भुकटी बांधून ठेवतं. मक्याचं स्टार्च पाणी लागताच फुगतं आणि गोळी फोडतं. मॅग्नेशियम स्टिअरेट तिला साच्याला चिकटू देत नाही.

अनेक गोळ्यांवरचं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि आतड्यात विरघळतं. म्हणून अशी गोळी कुटून देऊ नये. तरीही पोटाची काळजी संपत नाही: रक्तात उतरलेलं औषध जठराच्या अस्तराला जपणारी रसायनंही कमी करतं. म्हणून आजीची गोळी डॉक्टरांना विचारूनच. आणि दूध पचत नसेल, तर तेही सांगावं.