बालसाहित्यिकांनीं शाळेंत जावें कसें?

मुलांसाठीं लिहिणारा मनुष्य मुलांना सहसा दिसत नाहीं. त्याचें नांव क्रमिक पुस्तकांत असतें आणि परीक्षेपुरतें तें पाठ होतें. हा लेखकही लिहितो, खोडतो, पुन्हां लिहितो, ही गोष्ट खेड्यांतील मुलाला कळावी कशी? त्यासाठीं लेखकानें व चित्रकारानें स्वतःच वर्गांत गेलें पाहिजे.

खानदेशास हें नवें नाहीं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक काढीत. ‘श्यामची आई’ पुढें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली गेली. परंतु तिचे वाचक गुरुजींनीं अमळनेरासच पाहून ठेविले होते, असें मला वाटतें.

आज लेखक बहुधा पुण्या-मुंबईस आणि मूल नशिराबादेस, म्हणून शाळाभेटींची योजना करावी लागते. दिल्लीस २००८ सालीं सुरू झालेल्या ‘बुकारू’ या बालसाहित्याच्या उत्सवानें लेखक-चित्रकारांस शाळांतून नेण्याचा प्रघात पाडला. आपल्याकडे २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ पाळतात. पण त्या दिवशीं प्रत्येक शाळेस पाहुणा हवा असतो, आणि १६ तारखेस कोणासच नको असतो!

आपल्या घरांतील एखादी सूनबाई गोष्टी लिहीत असेल, पुतण्या चित्रें काढीत असेल, तर त्यांनीं आरंभ जवळच्या शाळेपासूनच करावा. मुख्याध्यापकांस पत्र लिहून आपलीं पुस्तकें कोणतीं, कोणत्या इयत्तेशीं बोलावयाचें व वेळ किती, हें स्पष्ट कळवावें. जिल्हा परिषदेच्या शाळेंत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें व्यवस्थापन समिती असते व तींत पालकच अधिक असतात; त्यांच्याही कानांवर गोष्ट घालावी. भेटीपूर्वीं निदान एक-दोन पुस्तकें मुलांच्या हातीं पोंचलींच पाहिजेत. नाहींतर लेखक म्हणजे सतरंज्या घालावयास लावणारा आणखी एक पाहुणा!

सारी शाळा पटांगणांत बसवून भाषण करण्याचें कबूल करूं नये. एक वर्ग व एक तास पुरे. चित्रकारास तर फळा आणि खडू एवढेंच हवें. मुलांनीं सांगितलेली म्हैस फळ्यावर उमटूं लागली, शिंग चुकलें, पुसलें, पुन्हां काढलें, कीं मागच्या रांगेंतील मुलेंही पुढें सरकतात.

आमच्या भागांतील मूल घरीं लेवागणबोली किंवा अहिराणी बोलतें आणि शाळेंत आल्यावर गप्प होतें. जवळच्याच असोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं घरच्यांनीं उतरून घेतलीं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं तीं घरच्या बोलींतच पुस्तकरूपानें निघालीं. पाहुण्यानें एकदां “शुद्ध बोल” म्हटलें, कीं त्या मुलाची गोष्ट पोटांतच राहिली म्हणून समजावें.

मानधनाविषयीं संकोच कशास? शाल-श्रीफळावर एस. टी.चें तिकीट मिळत नाहीं. शाळेची ऐपत नसेल तर गांवांतील चार घरांनीं प्रवासखर्च उचलावा. पाहुण्यास आपल्या घरीं मुक्कामास ठेवावें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां तासभर शाळेंत पाठवावें. लाजाळू मुलें प्रश्न विचारतात तीं त्या वेळीं.