कायमधारा आणि यंत्राचा बाजार

कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमध्ये कायमधारा लागू केला. पुढे शेती, किमती, लोकसंख्या सारे बदलले. साऱ्याचा आकडा तोच राहिला. मुंबई इलाख्यात तीस वर्षांनी फेरआकारणी होई. पण ती कोणत्या आधारावर, या वादातूनच १९२८ चा बारडोली सत्याग्रह उभा राहिला.

शेअर बाजारातील स्वयंचलित व्यवहारप्रणालींपुढे मला हाच पेच दिसतो. जुन्या आकड्यांवर घोटून बसवलेले निकष कागदावर उत्तम नफा दाखवतात. २३ मार्च २०२० सारख्या दिवशी निफ्टी सुमारे १३ टक्के कोसळला की त्यांचा आधारच सुटतो. स्वतःला बदलणारे निकष लवचीक खरे, पण क्षणिक गोंगाटालाही ते बाजाराचा नवा कल समजू शकतात.

सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार, गुप्त तर्कावर चालणाऱ्या प्रणालीचा तर्क बदलला तर नव्याने नोंदणी करावी लागते. मग रोज स्वतःचे निकष बदलणाऱ्या प्रणालीचा तर्क बदलला असे केव्हा मानायचे?

प्रश्न तांत्रिक नाही. सेबीच्याच अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात फ्यूचर्स-ऑप्शन्समधील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले. त्यांना गतकाळच्या नफ्याच्या आलेखाबरोबर फेरआकारणीचे नियमही आधीच दाखवले पाहिजेत.