कोपर-गुडघ्यांवर खाज, आणि संशयित ताटातली पोळी

उज्जैन : माळव्यात गव्हाशिवाय पान हलत नाही. इथल्या मराठी घरांतही रोज पोळी आणि पाहुणे आले की दाल-बाफले. त्यामुळे अंगावर पुरळ उठलं तर पोळीवर कोण कशाला संशय घेईल? खरूज म्हणा, गजकर्ण म्हणा, उष्णता म्हणा, मलमांवर मलमं बदलत राहतात.

पण दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, नितंब किंवा डोक्याच्या त्वचेवर बारीक पाणीदार फोडांचे पुंजके येत असतील, खाजवून ते फुटत असतील आणि घरात दुसऱ्या कुणालाच खाज नसेल, तर 'डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस'चा विचार व्हायला हवा. अमेरिकी डॉक्टर लुई ड्युरिंग यांनी १८८४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. नाव हर्पिससारखं असलं तरी नागिणीशी त्याचा संबंध नाही, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मूळ दुखणं सिलिॲकचं. गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. त्यातली 'आयजीए' प्रतिपिंडं काहींच्या त्वचेत साचतात आणि फोड येतात. गंमत म्हणजे अशा अनेकांचं पोट अजिबात कुरकुरत नाही. आपल्याकडे हा त्वचेचा प्रकार तसा कमीच दिसतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

निदानासाठी रक्ताची 'टीटीजी-आयजीए' चाचणी करतात आणि फोडाशेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा छोटा तुकडा तपासतात. इथेच लोक घाई करतात. कुणीतरी सांगतं म्हणून आधीच गहू बंद करतात आणि मग तपासणीत काहीच सापडत नाही. तपासण्या होईपर्यंत पोळी चालू ठेवायची.

कुष्ठरोगावरचं डॅप्सोन दिलं की खाज काही दिवसांत थांबते. मात्र ते रक्ताची 'जीसिक्सपीडी' तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. आतडं त्याने बरं होत नाही, त्यासाठी ग्लुटेन कायमचं सोडावं लागतं. त्वचा पूर्ण निवळायला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही जातात.

ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, तांदूळ चालतात. सकाळचे पोहेही चालतात, सोबतची मैद्याची जिलबी नाही. रवा, दलिया, शेवया वर्ज्य. खपली गहू 'देशी' म्हणून चालेल असं अनेकांना वाटतं, पण त्यातही ग्लुटेन आहेच. बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा डबीवरचे घटक वाचावेत. आणि ज्वारी दळायची तर गव्हामागून त्याच जात्यावर नको, गिरणीवाल्याला तसं आधी सांगून ठेवावं.