घोरावडेश्वरचा चढ आणि पन्नाशीचे हृदय

देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराच्या बौद्ध लेण्यांकडे आम्ही मुलांची सहल नेतो. मुले वर पोहोचलेली असतात तेव्हा आम्ही निम्म्या चढावर खडकाला टेकून उभे असतो. तरुणपणी असे होत नसे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही वयाने हृदयात नेमके काय बदलते हा प्रश्न मनातून जाईना. विज्ञानाच्या सहकाऱ्यांची पुस्तके चाळून जे उमगले ते येथे मांडीत आहोत.

चढ लागला की शरीर हृदयाकडे ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन ही रसायने पाठवते. हृदयस्नायूच्या पेशीच्या आवरणावर बीटा-ग्राही नावाची प्रथिने असतात. ती हा निरोप स्वीकारून आतल्या जी-प्रथिनांच्या हवाली करतात. तेथून तो हातोहाती पुढे जातो आणि अखेरीस पेशीतील कॅल्शियमची ये-जा वाढून ठोका जलद व जोरकस होतो. या जातीच्या ग्राहींवरील संशोधनासाठी रॉबर्ट लेफकोवित्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

वय वाढले म्हणून निरोप कमी येतो, असे नाही. उलट रक्तातील नॉरॲड्रिनॅलिन वाढते. अखंड हाकांनी ग्राही बधिर होतात, त्यांची संख्या घटते, जी-प्रथिनांशी त्यांचा सांधाही सैल होतो. चाकणच्या प्रेसशॉपमधील गोंगाटात उमेद घालविलेल्या कामगाराला घरातली हाक ऐकू येऊ नये, तसेच काहीसे. म्हणून विसाव्या वर्षी मिनिटाला सुमारे १९४ पर्यंत जाणारे ठोके पंचावन्नाव्या वर्षी सरासरीने १७० च्या आसपास अडतात.

दुसरा बदल आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ठोक्यानंतर कॅल्शियम परत साठ्यात ओढणारे सर्का नावाचे पंपरूपी प्रथिन वयपरत्वे मंदावते. स्नायू आवळतो ठीक, पण सैल होण्यास वेळ लावतो. विशी ते ऐंशीच्या दरम्यान हृदय सैल होताना सुरुवातीला रक्त भरण्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. निरोगी वृद्ध हृदय यावर तोड काढते: ठोके वाढवता येत नाहीत, तर प्रत्येक ठोक्यापूर्वी ते अधिक रक्त भरून घेते.

हे सारे श्रमाच्या वेळी जाणवते. स्वस्थ बसल्यावर नव्हे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील, निवृत्त फिटर, रात्री आडवे झाले की गुदमरत आणि भिंतीला टेकून झोपत. पायांवर सूज होती. ‘वय झाले, गुरुजी,’ एवढेच ते म्हणत. तपासणीत हृदय निकामी होत चालल्याचे निदान झाले. त्यांना दिलेल्या औषधांत बीटा-ब्लॉकरही होते. हे औषध ग्राहींवर झाकण ठेवते. थकलेल्या हृदयाला हाका ऐकू येऊ नयेत म्हणून औषध द्यावे, हे आम्हांला प्रथम उफराटे वाटले. परंतु सततच्या माऱ्यातून सुटका मिळाली की ग्राही पुन्हा सावरू लागतात.

यंदाच्या पालकसभेला नातवाचा हात धरून ते जिना चढून आले. मध्ये एकदाच थांबले.